थांबणाऱ्यांची यादी

आमच्या शाळेत पहिला तास माराचा, बाकीचे विषय नंतर. मुख्याध्यापकांचं नाव आम्ही डरकाळी ठेवलं होतं. "गाढवांनोऽऽ!" म्हणत त्यांनी डस्टर भिरकावला की शेवटच्या बाकावरचं कोणीतरी कपाळ धरून खाली बसायचंच. अशा ठिकाणी वाचनाच्या बाई आल्या. किडकिडीत, नाकातून बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माराँनं वाचन सुधारतं याला पुराँवा आहे का, सर?"

डरकाळी भडकले. "दीड महिन्याचं एक सत्र देतो. फरक दाखवा, नाहीतर तुमची ती वाचनाची खोली बंद!"

सातवी ड म्हणजे पत्र्याच्या शेडमधली आम्ही चाळीस पोरं. सरळ एक ओळ वाचेल असं एकही नाही. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. वीस जणांनी रोज अर्धा तास, चौघाचौघांनी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचं. उरलेल्या विसांनी सत्रभर थांबायचं, मग त्यांची पाळी. शेवटी दोन्ही गटांचे मार्क शेजारी ठेवून बघायचे.

वेल्डरची मुलगी थांबणाऱ्यांत निघाली. तिसऱ्या दिवशी वेल्डर सळई घेऊन हजर. पहिल्या फटक्यात कपाटाची काच गेली, दुसऱ्यात खुर्ची.

"माझीच पोरगी बाहेर? घे तिला आत!"

"दादा, तिला आज घेतलं तर तुलनाच उरत नाही. खोली गेली की कोणालाच काही नाही."

"घेतेस की नाही?"

"नाही."

तिसरा फटका बाईंच्या मनगटावर बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या सत्रात... पहिलं नाव तिचं."

आम्ही वाचणारे वीस जण पार टरकलो. हा माणूस परत आला तर बाईंना जिवंत सोडायचा नाही. थांबणाऱ्यांनाही वाचता आलं तर कोणाचाच बाप सळई घेऊन यायचा नाही, म्हणून आम्हीच शहाणपण केलं. मधल्या सुट्टीत थांबणाऱ्यांना टाकीमागे ओढून नेलं आणि रोज वाचायला लावलं. "वाच, नाहीतर बत्तिशी घशात घालीन!" कोणाचा ओठ फुटला, कोणाचा कान सुजला. वेल्डरच्या मुलीनं माझ्या दंडाला चावून रक्त काढलं, पण धडा पुरा केला.

चाचणी झाली. प्लास्टरमधल्या हातामुळे बाईंनी डाव्या हातानं मार्क मांडले. दोन्ही याद्या खूप वर गेलेल्या, आणि दोन्ही अगदी सारख्या.

"फरक शून्य!" डरकाळी गरजले.

बाईंनी आम्हाला विचारलं, आम्ही खरं सांगून टाकलं.

"बाई, माझे अर्धे मार्क कापा ना," वेल्डरची मुलगी म्हणाली. "सगळ्या थांबणाऱ्यांचे कापा. कोणाला कळतंय?"

बाईंनी प्लास्टरचा हात उचलला. आम्ही डोकी झाकली. तो हात त्यांनी टेबलावर आपटला, कळवळल्या आणि डाव्या हातानं लिहिलं, 'थांबणाऱ्यांनाही वाचन मिळालं. तुलना फसली.'

डरकाळींनी त्याच दुपारी कुलूप ठोकलं. वेल्डरची मुलगी बाईंच्या अंगावर धावून गेली. "खोटं लिहायला काय झालं होतं?" ती दोन्ही मुठींनी त्यांना बडवत सुटली.

बाईंनी प्लास्टर छातीशी धरलं. मार खातच विचारलं, "किती धडे झाले तुझे?"

"सात," ती म्हणाली, आणि आणखी एक ठोसा दिला.