जातं थांबायचं तेव्हा

नाना गेल्याचा निरोप देहूरोडला डेपोच्या फाटकावर मिळाला, आणि सायकल दामटत चिंचवड गाठेपर्यंत मी वाटभर शिव्या घालत होतो. यमाला नव्हे, आमच्या मासिकाच्या संपादकांना.

नाना शाळेत मास्तर, माझे शेजारी, आणि त्या मासिकाच्या दिवाळी अंकातल्या कथास्पर्धेचे परीक्षक. त्यांची तऱ्हाच न्यारी. सकाळी वहिनी जात्यावर बसल्या की हे समोर पाट मांडून एकेक कथा मोठ्यानं वाचायचे. वहिनींचा हात थांबला नाही, तर कथा बाजूला! मी हसायचो. "हसू नकोस," नाना म्हणायचे, "शब्दांना भुलायला मी आहेच की. तिला भुलवून दाखवा म्हणावं."

गेल्या साली कुरुळीच्या एका मास्तरीणबाईंची कथा आली. सासरी निघालेली लेक अर्ध्या वाटेतून माघारी वळते, एवढीच. जातं थांबलं. नाना बघत राहिले तशा वहिनी खेकसल्या, "आवं, फुडं वाचा की! पोचली का न्हाई ती घरी?" नानांनी तिथल्या तिथं पहिला नंबर दिला... आणि अंकात पहिला कोण? पानभर जाहिरात देणाऱ्या शेटजींचा भाचा! चंद्र, चांदणं नि चार उसासे. खाली परीक्षक म्हणून ठसठशीत नाव नानांचं. शोभतं का हे? खुलासा छापा म्हणून नानांनी किती खेपा घातल्या! संपादक चहा पाजायचे, "पुढच्या अंकात नक्की" म्हणायचे. ती बाई आपल्याला लबाड समजत असेल, हा सल नानांना शेवटपर्यंत होता. तापातही मला विचारलं, "आला का रे खुलासा?"

आणि परवाच्या अंकात पहिल्या पानावर संपादकांचा लेख! नाना निःस्पृह, नाना न्यायनिष्ठुर... मेल्या म्हशीला मणभर दूध! खुलाशाची ओळ मात्र कुठंच नाही. म्हणून ती मीच इथं लिहितो: नानांनी पहिला नंबर कुरुळीच्या बाईंना दिला होता.

तो अंक घेऊन तणतणत वहिनींकडे गेलो. त्या दळत होत्या. "वाचा, भावजी," म्हणाल्या. नानांचा पाट होता तिथंच होता. त्यावर बसून मी तो लेख पहिल्यापासून शेवटापर्यंत मोठ्यानं वाचला.

जातं एकदाही थांबलं नाही.