नानांचा पन्नास नंबर

नाना कॅमेरा भिंतीवर चढवण्याआधी त्याच्यासमोर उभे राहून त्याचा नेटवर्कवरचा पत्ता मोठ्याने तीनदा म्हणत, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगतात तसा. मग नंबराची पट्टी चिकटवून तिच्यावर एक फुंकर घालत. फुंकरीचा उपयोग काय, हे मी कधी विचारलं नाही. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं.

जळगावच्या आमच्या छोट्या वाहिनीच्या स्टुडिओत मी नशिराबादहून जाऊ लागले तेव्हा नाना साठीला आले होते. तरुणपणी त्यांनी अमळनेरच्या गच्च्यांवरून केबलच्या वायरी ओढल्या होत्या. नेटवर्क त्यांनी मला एका चहात शिकवलं. "पत्त्यात चार आकडे. पहिले तीन गावाचे, शेवटचा घराचा. एका घरात दोन बिऱ्हाडं घातली की भांडण." कॅमेऱ्यांना त्यांनी एकवीस ते पंचवीस दिले होते आणि स्वतःच्या लॅपटॉपला पन्नास. इतका लांबचा का, असं विचारल्यावर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसानं जरा बाजूला राहावं."

यंत्राने आपोआप पत्ते वाटायची सोय होती, पण नानांना तिचं वावडं. "आज या घरात, उद्या त्या घरात. मग हाक कुठं मारायची?" सगळे नंबर त्यांच्या निळ्या वहीत असत आणि ती वही जेवतानाही त्यांच्या मांडीखाली असे.

एकदा चोवीस नंबरचा कॅमेरा बिघडून पुण्याला गेला. त्याच्या जागी नवा आला, त्याला नानांनी सव्वीस ठरवला. चोवीस रिकामा आहे की, असं मी म्हटलं तर ते चिडलेच. "बाहेर गेलेल्याची जागा भरायची नाही. तो परत येणार शे."

पुढे नाना दोन दिवस लग्नाला गेले आणि नवा कॅमेरा मी लावला. सव्वीस दिला असता तर कॅमेऱ्यांची चित्रं निवडणाऱ्या मिक्सरमध्येही बदल करावा लागला असता. मी आळस केला, चोवीसच दिला आणि वहीत लिहिलं नाही. महिनाभराने जुना कॅमेरा दुरुस्त होऊन आला. नानांनी वही पाहून तो विश्वासाने त्याच्या नंबरावर लावला. त्याच दुपारी केळीवाल्यांचा थेट कार्यक्रम होता. रोगावर बोलायला आलेले पाहुणे पडद्यावर क्षणभर दिसत आणि मधेच त्यांच्या जागी कोपऱ्यातली कुंडी येई. दोन कॅमेरे एका नंबरासाठी भांडत होते. नानांनी एकाची वायर उपटली तेव्हा कुठे चित्र थांबलं.

"हाई काय करं माय तू?" ते हळूच म्हणाले. मला अजून कायम केलं नव्हतं आणि नोकरी गेली तर घरी बसवायला वडील टपलेलेच होते. एवढ्यात वाहिनीचे मालक, शेठ, आत आले. नाना म्हणाले, "माझ्याच हातून झालं. वय झालं, शेठ." सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते ऐकावं लागलं, आणि मी गप्प राहिले. त्याची लाज अजून गेलेली नाही. शेठ गेल्यावर नानांनी वही माझ्यापुढे सरकवली. "नव्याला सव्वीस, लिही. आता ही तुझ्याकडे."

दोन वर्षांनी साखरेने त्यांची नजर नेली आणि ते मुलीकडे अमळनेरला गेले. आमच्याकडे नवा इंजिनियर आला, पत्ते आता यंत्रच वाटू लागलं. मी मात्र कॅमेऱ्यांचे नंबर कायम ठेवायला लावले आणि पन्नास कुणाला द्यायचा नाही म्हणून हटून बसले.

एकदा नाना मुलीचा हात धरून एस.टी.ने आले. पिशवीत तोच लॅपटॉप. वायर खोचायची जागा त्यांच्या बोटांनीच शोधली. पन्नास मोकळाच होता, सगळी चित्रं एकदम उघडली. नाना पडद्याकडे तोंड करून बसले होते, पण त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"बठ्ठा शेतस ना जागावर?"

सगळे जागेवर आहेत हे त्यांना कळावं म्हणून मी एकेक नंबर म्हणू लागले. तेही माझ्यामागून म्हणत होते. तेविसाला थांबले. "चोवीस?"

"आहे नाना. जुनाच आहे."

त्यांनी पडद्यावर हलकेच फुंकर घातली.

नाना गेल्या श्रावणात गेले. पन्नास अजून रिकामा आहे. त्या जागी आता कुणी परत येणार नाही, हे मला कळतं. तरी तो कुणाला देववत नाही.