निळ्या खुणेपासून दोन बोटं पुढे

"मॅडम, पुन्हा पडले." प्रज्ञा बोर्ड ओढत काठावर आली. सकाळपासूनची ही सातवी वेळ. दुपारी तीनला निवड चाचणी होती आणि संघात मुलींची एकच जागा रिकामी होती.

मी विंडफॉइल शिकवते. शिडाच्या बोर्डखाली पाण्यात एक दांडा असतो, त्याला पुढे-मागे दोन पंख. वेग आला की हे फॉइल बोर्डला पाण्याच्या वर उचलतं. परतूरजवळच्या आमच्या धरणावर वारा झटक्यांनी येतो. प्रत्येक झटक्याला प्रज्ञाच्या बोर्डचं नाक वर जायचं, पुढचा पंख पाण्याबाहेर यायचा आणि ती आपटायची.

मी मागच्या पंखाचा कोन कमी केला. पाय अडकवायचे पट्टेही पुढे घेतले. दोन्ही एकदम. आता बोर्ड उचलेचना, आणि नेमकं काय नडलं ते मलाच सांगता येईना. सगळं होतं तसं करून ठेवलं.

तिचे वडील टेंभुर्णीला शिक्षक आहेत. ते सकाळपासून काठावर बसून होते. म्हणाले, "मॅडम, मला यातलं कळत न्हाई. पण बैलगाडीत मागं जास्त कापूस भरला की जू वर उचलतं, गाडी उलाळ होते. बराबर तसंच होऊन राह्यलं."

"मग काय करायचात, गुरुजी?"

"वजन पुढं सारायचो. दुसरं काय."

बोर्डवर शिडाचा भार ज्या सांध्यावर येतो, तो मास्टफूट. तो खाचेत पुढे-मागे सरकतो. पाहिलं तर अगदी एका निळ्या खुणेवर बसवलेला.

"ही खूण कोणाची?"

"वैशालीताईची. ताई याच्यावरच जिंकल्त्या."

हा बोर्ड आधी वैशालीचा, आमच्या जुन्या विजेतीचा. ती प्रज्ञापेक्षा चांगलीच वजनदार. तिच्या वजनानेच नाक खाली राहायचं.

"मग तू हलवलं का नाहीस?"

"ताईची खूण कशी हलवायची?" मग हळूच, "तुम्ही पण न्हाई हलवली, मॅडम."

ते खरं होतं.

मास्टफूट दोन बोटं पुढे घेतला. बाकी कशालाही हात लावला नाही. पुढच्या झटक्याला नाक जागेवर राहिलं.

चाचणीत ती एकदाच पडली, तेही वळताना. जागा तिला मिळाली.

एका वेळी एकच बदल करावा, आणि सेटिंग वजन बघून करावं, नाव बघून नाही. हे मी गेली कित्येक वर्षं शिकवते आहे.

संध्याकाळी प्रज्ञाने लाल मार्करने स्वतःची खूण केली. निळी मात्र मलाच पुसावी लागली.