भोईरमामांचा पेनड्राइव्ह आणि माझं सिंक

किस्से सर्व्हरच्या लॉगसारखे साठत जातात. रोज भर पडते आणि उघडून कुणी बघत नाही. मी एका जीन्सवाल्या सेठकडे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे माझी डिस्क केव्हाच फुल झालीय!

सेठचं डिझाइन ऑफिस उल्हासनगर कॅम्प तीनला, कारखाना अंबरनाथच्या आनंदनगरला. दोन्हीकडे एकेक लिनक्स सर्व्हर. पॅटर्नच्या, म्हणजे कापड कापायच्या मापांच्या फाइली कॅम्प तीनला बनायच्या आणि भोईरमामा रोज सकाळी त्या पेनड्राइव्हवर घेऊन स्कूटरने कारखान्यात पोचवायचे. इतक्या वर्षांत कटिंग एकदाही थांबलं नव्हतं.

एक दिवस सेठ मला म्हणाले, "ऑटोमॅटिक कर डालो. भोईर को गेट पे बिठा देंगे."

"सिंक लावतो, फाइली आपोआप तिकडे जातील," मी म्हणालो. मामा शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला, पण मला एवढंच म्हणाले, "कर बाबा. पन तुजा सिंक पंचर झाला त ढकलील कोन?"

*

दोन सर्व्हरनी पासवर्डशिवाय एकमेकांशी बोलावं म्हणून मी डिजिटल चाव्यांची जोडी बनवली. सेठना सांगितलं, "एक प्रायव्हेट की, एक पब्लिक की."

सेठ खुर्चीतून उठलेच. "साईं, पब्लिक को चाबी क्यों दी?"

तासभर समजावलं. शेवटी म्हणाले, "ठीक है, लेकिन प्रायव्हेटवाली मेरी तिजोरी में रखो." मी कागदावर छापून दिली. अजून तिजोरीत आहे, हळद-कुंकू लावून!

*

कामगारांनी वेळेवर यावं म्हणून कारखान्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. सेठ म्हणाले, "सर्व्हर का भी आगे करो. मशीन भी स्टाफ है ना?"

केलं! मग कारखान्यात कुणी फाइल नुसती सेव्ह केली तरी सिंकला तीच ताजी वाटायची आणि कॅम्प तीनची दुरुस्ती आत यायची नाही. एक दिवस चाळीस कमरेच्या पँटला छत्तीसचा पट्टा लागला. घड्याळ मागे आलं. सर्व्हरचं. कामगारांचं नाही.

*

सेठचा हुकूम होता, "दोनों तरफ सेम टू सेम!" म्हणून मी डिलीटही लावलं. म्हणजे इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जाणार. कॅम्प तीनच्या डिझायनर मॅडमनी साफसफाई म्हणून एक फोल्डर उडवला. सकाळी साडेआठला कारखान्यातलाही उडाला. सेम टू सेम!

कटिंगवाले हात बांधून उभे. तेवढ्यात भोईरमामा गेटवरून आले आणि शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. सगळे पॅटर्न त्यात होते; जुन्या सवयीने मामा ते रोज कॅम्प तीनवरून भरून आणायचेच.

"माजा पेनड्राइव कोनाचा आयकत नाय," मामा म्हणाले आणि परत गेटवर जाऊन बसले.

मी सिंकच्या ओळीआधी # टाकलं, म्हणजे सर्व्हर ती ओळ वाचतच नाही, आणि ते दोन दिवसांपुरतं बंद केलं; डिलीटही काढून टाकलं.

*

चार महिन्यांनी सेठनी सगळ्यांसमोर मला शाल दिली. "चार महिने, एक फाइल भी लेट नहीं!" सगळ्यात जोरात टाळ्या भोईरमामांनी वाजवल्या.

संध्याकाळी बेलवलीला घरी आलो आणि बायकोपुढे मिरवावं म्हणून लॅपटॉपवर सिंकचा लॉग उघडला. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची. ते # मी काढलंच नव्हतं! खांद्यावरच्या शालीची लाज वाटली.

तेवढ्यात मामांचा फोन आला.

"उंद्या माजे भाचीची हलद हाय, मी रजेवर. तुजा सिंक येक दिस कामाव येल का?"