गुरुलिंगची हाक

चव्वेचाळीस साल. हिवाळा सरत आला होता. आमची प्लाटून ब्रह्मदेशात एका कोरड्या ओढ्याकाठी होती आणि समोरच्या टेकडीवर जपानी. मी लान्स नायक होतो. मूळचा तेरचा, म्हणून सगळे मला तेरकर म्हणायचे. माझ्याच सेक्शनमध्ये जळकोटचा गुरुलिंग होता. आम्ही दोघंच मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या राज्यातले. बाकीचे सातारा-कोल्हापूरकडचे. ते आम्हाला ‘निजामाचे जावई’ म्हणून चिडवायचे.

पाचला स्टँड-टू, म्हणजे बंदुका घेऊन मोर्चावर सज्ज राहायचं, सहाला चहा, मग रायफल सफाई. रोजचं हेच. गुरुलिंगच्या घरी कानडी, माझ्याशी मात्र तो मराठीच बोलायचा. त्याच्या कानडीतले मला दोनच शब्द यायचे. ऊटा म्हणजे जेवण, नीरु म्हणजे पाणी. “तिसरा शिक की रं,” तो म्हणायचा. मी म्हणायचो, “एवढ्यावर माणूस जगतो, तिसरा कशाला?” लई शहाणा होतो मी त्या वेळी.

लोक विचारतात, पल्टनीत का गेलात? देशासाठी म्हणून सांगितलं तर खोटं होईल. मी बुटांसाठी गेलो. बार्शीच्या बाजारात सुट्टीवर आलेला एक शिपाई पाहिला, त्याचे बूट पाहिले, आणि डोकं फिरलं. वडिलांना आम्ही बा म्हणायचो. बा म्हणाला, “दुसऱ्याच्या लढाईत मरायला कशाला जातूस? हितं औत हाकाय लाज वाटती का?” मी तरी गेलो. त्याचं उत्तर आज पंचेचाळिशी उलटली तरी शोधतोय.

लहानपणी एकदा मी तेरणेच्या गाळात कमरेपर्यंत रुतलो होतो. “बा, बा” म्हणून ओरडलो. बा चालती मोट सोडून पळत आला आणि मला ओढून काढलं. वर दोन थोबाडीत दिल्या ते वेगळं. हे सांगायचं कारण एवढंच, की बा या हाकेचा माझ्या कानात एकच अर्थ होता.

तर त्या दिवशी सव्वासातला हुकूम आला. ओढा ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी जायचं. सात चाळीसला जपान्यांची मशीनगन सुरू झाली. गुरुलिंग सगळ्यांत पुढं होता. तो भाताच्या कापलेल्या शेतात पडला. आम्ही बांधाआड आडवे झालो. त्याच वेळी माझ्या उजव्या अंगाला मॉर्टरचा गोळा फुटला आणि त्या कानात शिट्टी वाजू लागली; तो कान पुढं कायमचा गेला. डाव्या कानानं मी गुरुलिंगचा आवाज ऐकला.

“बा... बा...”

हवालदार म्हणाला, “बापाला हाक मारतोय. ज्याला बाप आठवला तो गेलाच म्हणून समजा. जागचं कुणी हलायचं नाही.”

“उस्ताद, मी सरपटत जातो.”

“तेरकर, हुकूम ऐकू आला का?”

“आला, उस्ताद.”

हवालदारानं वायरलेसवर कव्हरिंग फायर, म्हणजे आम्हाला पुढं जाता यावं म्हणून मागून मारा, मागितला. उत्तर आलं, “वीस मिनिटं लागतील. थांबा. आउट.”

खरं सांगतो, हुकूम आला तेव्हा मला बरं वाटलं. हुकूम होता म्हणून थांबलो, की भ्यालो होतो आणि हुकूम आयता मिळाला? हजारदा विचार केला. कधी हे खरं वाटतं, कधी ते.

आठला हाक थांबली. कव्हरिंग फायर आला, आम्ही पोचलो, तर गुरुलिंग गेलेला होता. संध्याकाळी मी त्याच्या वडिलांना कार्ड लिहिलं. ‘लगेच गेला, त्रास झाला नाही. शेवटी “बा, बा” म्हणून वडिलांनाच हाक मारली.’ वाटलं, म्हाताऱ्याला तेवढाच आधार.

लढाई संपली, मी परत आलो. मग रझाकारांची धामधूम झाली, निजामही गेला. तेरहून जळकोट काही परदेशात न्हाय, पण मी गेलो न्हाय. लग्न झालं, मुलं झाली, शेतातली कामं कधी संपत न्हाईत, अशी कारणं काय कमी असतात? बायको म्हणते, “ह्यांना एकच कान, आन् तोबी हुकूम ऐकायला.” गेल्या साली धाराशिवच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, ठोके बरोबर पडत न्हाईत, जपून राहा. म्हटलं, जायचं तर आत्ताच. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.त बसलो.

गुरुलिंगचे वडील ओट्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर भस्म. नाव सांगताच त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. धाकट्या सुनेनं चहा आणला. तिची दहा महिन्यांची पोर उंबऱ्यापाशी रांगत होती. सून तिला म्हणाली, “बा, बा इल्ली.”

मी सहज विचारलं, “बापाला शोधती का?”

सून हसली. “न्हाय वो. बा म्हंजी ये. ये हिकडं, म्हणलं तिला. बापाला आमच्यात अप्पा म्हणत्यात.”

कप खाली ठेवला. शिट्टीनं भरलेलं माझं डोकं, त्यात मी काय ऐकलं, काय समजलो! त्यानं बापाला हाक मारलीच न्हवती.

म्हातारा सुनेला म्हणाला, “पोरीला घेऊन आत जा.” मग माझ्याकडं वळला. “तुमचं कार्ड वाचलं तवाच मला कळलं. गुरुलिंगनं मला जल्मात बा म्हटलं न्हवतं.”

“मग अप्पा, मला कळवलं का न्हाईत?”

“काय कळवू? तुमाला जगायचं होतं.” मग म्हणाले, “त्याच्या आईला वाचता येत न्हवतं. ती कार्ड पुनःपुन्हा वाचायला लावायची. म्या ‘बा, बा’ गाळून ‘वडिलांना’च्या जागी ‘आईला’ वाचायचो. त्याच समाधानात गेली बिचारी.”

त्यांनी विचारलं, “लगेच गेला म्हणून लिहिलंत. खरं सांगा, किती येळ बोलवत होता?”

जिभेवर ‘दोन मिनिटं’ आलं होतं. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता.

“वीस मिनिटं, अप्पा.”

“आन् नाव कुणाचं घेत होता?”

“नाव कुणाचंच न्हाय. नुसतं ये म्हणत होता.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला न्हाय. तो हात माफीचा होता, की त्यांनाच आधार हवा होता, ते मला अजून कळलेलं न्हाय.

सिपाही गुरुलिंग, राहणार जळकोट, वय बावीस. तो पडला तिथून मी तीस पावलांवर होतो.