मैनेचं पाणी

रिसालदार आमच्याकडे आले की आधी गाडीला भेटत, मग आम्हाला. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात ड्राइव्हवेवर उभे राहून ते आमच्या जुन्या स्टेशन वॅगनच्या बॉनेटवर तळहात ठेवत, चारी टायरांपाशी वाकून बघत, आणि मी दारात ‘या आबा, या’ करत ताटकळत असे. ‘कुठनं दौडवत आणलीस रं? अंग तापलंय हिचं,’ असं मला दरडावून झालं की मग घरात पाऊल. माझी बायको शैला पाण्याचा ग्लास पुढे करी. तो हातात धरून ते आधी विचारत, ‘गाडीचं पाणी बघितलं का?’ मी हो म्हटल्याशिवाय घोट घेत नसत. ‘आधी जनावर, मग माणूस’ हा त्यांचा कायदा. मी हो म्हणायचो, आणि बहुतेक वेळा ती शुद्ध थाप असायची.

खरं तर ते रिसालदार नव्हतेच. ती पदवी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या आम्हा लोकांनी दिलेली. माझा मित्र डॉक्टर जयंत, त्याचे हे वडील. आई गेल्यावर जयंतने त्यांना साताऱ्याकडच्या गावाहून इथे आणलं, तेव्हा पंच्याऐंशीला टेकलेले. पहिल्या महायुद्धात, मिसरूड फुटायच्या वयात, ते घोडदळात स्वार म्हणून भरती झाले आणि बोटीतून थेट अरबांच्या मुलखात जाऊन पडले. कोणी ‘रिसालदारसाहेब’ म्हटलं की म्हणत, ‘साधा स्वार हुतो बाबा. पुढं तर पाण्याच्या खेचरांवर गेलो. तलवार उपसली ती घासायला.’ पण हे सांगताना मिशी अशी काही वर जाई, की ऐकणाऱ्याला वाटावं अख्खी लढाई यांच्याच जिवावर चालली होती.

आणि त्यांचं मतही तसंच होतं. ‘लढाई बंदुकीनं हुत न्हाई, पखालीनं हुते.’ पखाल म्हणजे खेचराच्या दोन्ही अंगांना लटकवलेली पाण्याची कातडी पिशवी. घोडी पुढे, पखालीची खेचरं मागे, त्यामागे दाण्याचे उंट. ‘पुढचा घोडा मागच्या पखालवाल्याला दिसत ऱ्हायला पायजे. दिसेनासा झाला की समज, मेला!’ मंडळाच्या गणपतीत आम्हाला याचा प्रत्यय आला. भाड्याचा हॉल, किचन एका टोकाला आणि पंगत दुसऱ्या. मसालेभात धावत पुढे जाई आणि वरण मागे कुठेतरी गप्पा मारत उभं. रिसालदारांनी काठी आपटली. किचनपासून पंगतीपर्यंत दहा-दहा पावलांवर एकेक जण उभा केला आणि हुकूम सोडला, ‘माणसानं जागा सोडायची न्हाई. फकस्त भांडं चालंल.’ भांडी हातोहात सरकू लागली आणि पंगत बघता बघता आटोपली. एका मोठ्या ऑइल कंपनीत सप्लायचंच काम बघणारे आमचे एक मित्र तोंडात बोट घालून बघत राहिले. ‘यार, हे मी प्रेझेंटेशनमध्ये घालतो,’ म्हणाले.

मैनेबद्दल मात्र ते बोलत नसत. एका दुपारी माझ्या सात वर्षांच्या नेहाने थेटच विचारलं, ‘आबा, डिड यू हॅव अ हॉर्स?’ तेव्हा बोलले. मैना त्यांची घोडी. दोन दिवसांची चाल होती. पुढच्या विहिरीवर पाणी मिळेल असं सांगितलेलं, पोचले तर विहीर बुजवून टाकलेली. घाईत पलटण इतकी पुढे गेलेली की पखाली दिसेनाशा झालेल्या. प्रत्येक स्वाराजवळ घोड्याच्या वाटणीचं थोडं पाणी होतं, तेवढंच. ‘त्यातलं निम्मं मी प्यालो,’ आबा म्हणाले. ‘कुणी बघितलं न्हाई. तिनं बघितलं.’ दुसऱ्या दिवशी मैना बसली ती उठलीच नाही. तुकडीचा जमादार म्हणाला, मागं बघू नको, चल. ‘मी बघितलं. मान वर करून माझ्याकडंच बघत हुती.’ त्यानंतर आबांनी स्वतः मागून खेचरांवर नेमणूक घेतली आणि लढाई संपेपर्यंत पाणी वाहिलं. नेहाला मराठी अर्धंमुर्धं कळे, पण ती त्यांच्या मांडीला चिकटून बसली ती उठेना.

मरायच्या आत एकदा वाळवंटात जायचं आणि मैनेच्या वाटणीचं पाणी तिला द्यायचं, एवढा एकच ध्यास त्या माणसाला होता. जयंत वैतागे. ‘आबा, ते वाळवंट तिकडे, हे टेक्सास. आणि तुमचं हार्ट हे असं!’ आबा शांतपणे म्हणत, ‘वाळूला काय पासपोर्ट असतोय व्हय?’ शेवटी मी म्हटलं, पश्चिम टेक्सासला मी नेतो, एसी गाडीने नेतो, आणि जबाबदारी माझी. हे शेवटचे शब्द मी कशाला बोललो कोण जाणे.

आबांनी सुनेच्या शिलाई मशीनवर जाड कॅनव्हासची छागल शिवली. छागल म्हणजे गाडीबाहेर टांगायची पाण्याची पिशवी, वारा लागला की आतलं पाणी गार होतं. तीत त्यांनी मैनेचं पाणी भरलं आणि तिला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. आमच्यासाठी आणि गाडीसाठी पाण्याचे सहा मोठे जग वॅगनमध्ये मी ठेवले, ते आदल्या संध्याकाळी त्यांनी येऊन एकेक हलवून पाहिले. सकाळी आबा, शैला, नेहा आणि मी निघालो, तर घोडं अडलं ते शैलाच्या खाण्याच्या पेटीपाशी. दशम्या, दाण्याची चटणी, लाडू, सरबताची बाटली, चहाचा थर्मास. आपल्या लोकांचा प्रवास म्हणजे निम्मं स्वयंपाकघर बरोबर! पेटी बसेना म्हणून मी सहाच्या सहा जग गुपचूप गराजमध्ये उतरवले. म्हटलं, अमेरिकेत पाण्याला काय तोटा? हायवेच्या दर एक्झिटला गॅस स्टेशन आहे.

नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, लांबच लांब चढाच्या रस्त्यावर, जिथे एक्झिटही नव्हते आणि माणूसही नव्हता, तिथे गाडीने फुत्कार टाकला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. मी, केमिकल इंजिनिअर, फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो. आबांनी माझं मनगट असं पकडलं की कळ डोक्यात गेली. ‘तापल्या घोड्याला पाणी पाजत न्हाईत, इंजिनिअर! बॉनेट उघड, वारा लागू दे, आणि गप बस.’ दाराला चादर बांधून त्यांनी सावली केली, नेहाला सरबत पाजलं, आणि दर थोड्या वेळाने बॉनेटवर हात ठेवून बघत राहिले. तासाभराने म्हणाले, ‘आता पिईल. आण पाणी.’

आता काय सांगणार, कपाळ? मी सांगून टाकलं. जग गराजमध्ये आहेत म्हणालो. शैलाने माझ्याकडे असं पाहिलं की रेडिएटर परवडला. मला वाटलं, आबा काठी घालतील. घातली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘पखाल मागं ऱ्हायली म्हण की.’ सरबत संपलं होतं, चहा दुधाचा. रस्त्यावर गाडीचा पत्ता नाही आणि नेहाचा चेहरा उन्हाने लालबुंद झालेला.

आबा छागलीपाशी गेले. तिच्यावर हात फिरवला. मग गाठ सोडली, नेहाला दोन घोट दिले आणि बाकीचं सगळं पाणी सावकाश, थांबत थांबत, रेडिएटरमध्ये ओतलं. नेहा रडायला लागली. ‘नो आबा, दॅट्स मैनाज्! थोडं ठेवा ना!’ आबांनी छागल उलटी करून शेवटचा थेंबसुद्धा आत पडू दिला. ‘मैना गेली, बाळ. ही उभी हाय,’ ते बॉनेट थोपटत म्हणाले. ‘उभ्या जनावराचं पाणी गेलेल्यासाठी राखत न्हाईत.’ त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. रिकामी छागल झटकून त्यांनी पुन्हा जागेवर टांगली, आणि माझी मान वर होईना.

गाडी पुढच्या गावापर्यंत पोचली. मेकॅनिकने रेडिएटरचा रबरी होज बदलला. मी छागल नळावर भरली आणि म्हटलं, आबा, चला, परत जाऊ. ‘नको. पोरगी दमलीय. मुक्काम बघ.’ रात्री मोटेलमध्ये मी माफी मागायला गेलो, तर मिशीवर हात फिरवत म्हणाले, ‘पुढल्या साली येऊ. पाणी तूच लादायचंस.’ एवढं करूनही त्यांनी पाण्याचं काम माझ्याकडेच ठेवलं, याचं मला आजही रडू येतं.

पुढलं साल त्यांना मिळालं नाही. जानेवारीत, जेवण झाल्यावर, खिडकीपाशी बसल्या बसल्या गेले. जयंत छागल घेऊन माझ्याकडे आला. ‘आय शुड हॅव गॉन विथ हिम,’ एवढंच बोलला आणि ड्राइव्हवेवर माझ्या गाडीला टेकून लहान मुलासारखा रडला.

जूनमध्ये आम्ही गेलो. जयंत, मी आणि नेहा. वॅगनमध्ये पाण्याचे बारा जग, खायला फक्त ब्रेड. चढाच्या त्याच रस्त्यावर मी गाडी थांबवली. नेहाने आधी बॉनेटवर हात ठेवला, मग टायरांपाशी वाकली. घशाला कोरड पडलेली म्हणून मी पाण्याची बाटली उघडली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. ‘हॉर्स फर्स्ट, बाबा.’

जयंतने छागल सोडली आणि सगळं पाणी वाळूवर ओतलं. आम्ही बघत उभे राहिलो. ओला डाग पसरला, आणि बघता बघता वाळूने आत ओढून घेतला. नेहा वाकून हात लावून आली.

‘बाबा, शी ड्रँक इट ऑल!’

मग आम्ही पाणी प्यायलो.