अमेरिकेचा जामीनदार

फाटकाबाहेर नागपूरची शेवटची एसटी हॉर्न देत होती. विद्यापीठाचे निरीक्षक बॅग काखेत मारून उभे होते. आणि स्टेजवर रशिया काही केल्या बॉम्ब खाली ठेवायला तयार नव्हता.

रशिया म्हणजे हेमराज, बी.ए. फायनल. त्याच्यासमोर सुरेश, तो अमेरिका. दोघांनाही मीच तयार केलं होतं. लाखांदूरकडच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्राचा लेक्चरर होतो, पण टेम्पररी. टेम्पररी म्हणजे नाव प्राध्यापकाचं आणि जीव कोंबड्याचा. पाहुणा आला की पहिली मान आपली. निरीक्षक खूश होऊन गेले तर कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की. नाराज होऊन गेले तर मी घरच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, धान रोवायला.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. दोन महासत्तांनी इतके बॉम्ब जमवले होते की पृथ्वी उडवून झाल्यावर उरलेले चंद्राला पुरले असते. अशात विद्यापीठाचं फर्मान आलं, की कॉलेजांनी युद्ध, शांतता आणि जागतिक सुरक्षा या विषयावर जाहीर परिसंवाद घ्यावेत. लोक किती येतात ते पाहायला निरीक्षक येतील. परिसंवाद म्हणजे चार जणांनी चार बाजूंनी बोलायचं, अध्यक्षांनी विषय गहन आहे म्हणायचं, मग आभार आणि चहा. त्यातून काही निष्कर्ष निघालाच तर परिसंवाद फसला समजायचं.

लोक कुठून आणायचे? प्रिन्सिपॉलसाहेबांनी कोतवालाला बाजारात दवंडी द्यायला सांगितलं. कोतवाल हुशार. परिसंवाद आहे म्हणून ओरडलं तर कुत्रंसुद्धा मान वळवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने डफडं बडवून सांगितलं की उद्या कॉलेजात अमेरिका आणि रशियाचं भांडण आहे, दोन्ही पार्ट्या हजर राहतील, ऐकायला या.

धान निघून घरात आलं होतं, माणसं मोकळी होती. बारा गावची माणसं आली. आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं धानाचं गोदाम. ते इतकं भरलं की भिंती बाहेरच्या बाजूला फुगल्या, त्या अजून सरळ झालेल्या नाहीत. आणि अध्यक्षांसाठी मांडलेल्या खुर्चीत, कोणी बसा म्हणायच्या आधीच, बकारामजी बसले होते.

बकारामजी या सगळ्या गावांचे पंच. शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण असो, तलावाच्या पाण्याचं असो की रुसलेल्या जावयाचं, ते एकदा बसले की निवाडा झाल्याशिवाय बैठक उठत नसे. मधेच उठणारी पार्टी हरली. मधेच उठणाऱ्या ऐकणाऱ्याला पुढे स्वतःच्या भांडणात पंच मिळायचा नाही. एका बैठकीत तर वादातली गाय म्हातारी होऊन मेली आणि निवाडा तिच्या नातीवर झाला, असं सांगतात. मी त्या नातीचं दूध प्यायलेलो आहे.

हातात पुठ्ठ्याचे बॉम्ब घेऊन सुरेश आणि हेमराज छान बोलले. मी डिटरन्स समजावून सांगितला. तू टाकशील तर मीही टाकीन, या धाकाने कोणीच बॉम्ब टाकत नाही, त्याला डिटरन्स म्हणतात. निरीक्षकांनी मान डोलावली. मला माझं कन्फर्मेशन डोळ्यांनी दिसायला लागलं. मी आभार मानायला उठलो.

"बसा खाली, मास्तर," बकारामजी म्हणाले. "निवाडा व्हाचा हाये."

मी नम्रपणे सांगितलं की अशा कार्यक्रमात निवाडा नसतो. त्यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली, तशी फक्त मांडवातून नवरदेव पळाला की पसरते. दोन पार्ट्या बोलावल्या, एवढी माणसं जमवली आणि निवाडा नाही? मंग बोलावलं कायले, असं मागून कोणीतरी विचारलं. दरवाज्यातली माणसं मांडी घालून आणखी पक्की बसली. बकारामजी स्टेजवर चढले आणि त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"तुमचा धुरा एकमेकाच्या धुऱ्याले लागते का?"

"नाही जी, मधात समुद्र हाये," अमेरिका म्हणाली.

"एकाच्या म्हशी दुसऱ्याच्या वावरात जातेत?"

"नाही जी."

"मंग भांडून कायले राहिले?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. बकारामजींनी मग स्वतःच उत्तर काढलं, की यांच्यात मागे कधीतरी सोयरीक मोडलेली असणार. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, तुमचं वय नाही, तुम्हाला माहीत नसेल.

निवाडा त्यांनी तिथल्या तिथे दिला. सोयरीक मोडली म्हणून एकमेकांच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगापाशी आगपेटी घेऊन उभं राहणं शोभत नाही. दोघांनी बॉम्ब पंचांकडे जमा करावे. अमेरिकेला भूक लागली होती, ती लगेच कबूल झाली. रशिया मात्र छाती काढून उभा राहिला. माझ्या नोट्स त्याने जन्मात पहिल्यांदा पाठ केल्या होत्या.

"रशिया पहिले ठेवत नाही जी. सरनंच शिकवलं हाये."

इथेच तो हॉर्न वाजला. निरीक्षकांना बोलवायला कंडक्टर आत आला, काय चाललंय म्हणून दारातल्या माणसाला विचारलं आणि खाली बसला. कंडक्टरला शोधत ड्रायव्हर आला; तो चपला काढून बसला. मागोमाग पॅसेंजर आले, त्यांच्यात एक बकरीही होती. हॉर्न थांबला. निरीक्षक माझ्या कानाशी आले.

"मी आज नागपूरला पोचलो नाही, तर उद्यापासून तुम्ही कॉलेजला पोचू नका."

मी हेमराजला बाजूला घेतलं. इंटर्नल मार्कांची आठवण करून दिली, हात जोडले. तो म्हणाला, सर, रशिया दबावाखाली येत नाही. तेही माझ्याच नोट्समध्ये होतं.

शेवटी बकारामजींनीच वाट काढली. पार्टी अडून बसली तर तिच्यासाठी कोणी जामीन राहायचं. पार्टीने शब्द मोडला तर दंड जामीनदाराने भरायचा, आणि दंड म्हणजे सगळ्या पंचांना कोंबडीचं जेवण. रशियासाठी कोण, असं त्यांनी विचारलं. निरीक्षकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर तंबाखू मळत होता, घाईत दिसत नव्हता.

"रशियाला मी," निरीक्षक म्हणाले.

मग अमेरिकेला उघडं कसं सोडायचं? मी हात वर केला. दोन्ही बॉम्ब पंचांकडे जमा झाले. पाहुण्यांसाठी केलेल्या पोह्यांच्या एकाच ताटात अमेरिका आणि रशिया जेवले, बैठक उठली, एसटी सुटली. ड्रायव्हर म्हणे नागपूरपर्यंत मागे वळून वळून सांगत होता की रशियावर अन्याय झाला. समोर फारसं पाहिलंच नाही, तरी पोचवलं.

माझं कन्फर्मेशन झालं. निरीक्षकांनी शेरा मारला होता, लोकसहभाग आवश्यकतेपेक्षा जास्त.

पण पुढच्याच पावसाळ्यानंतर रेडिओवर बातमी आली, अमेरिकेने नवं क्षेपणास्त्र केलं. त्याच दिवशी, बरोबर जेवणाच्या वेळी, बकारामजी पंचमंडळी घेऊन माझ्या अंगणात हजर. काखेत रेडिओ, पुरावा म्हणून.

"मास्तर, तुमची अमेरिका शब्दाले बदलली."

मी कोंबड्या कापल्या. पुढे अमेरिका काही सुधारली नाही. दर नव्या क्षेपणास्त्रामागे माझं खुराडं रिकामं होत गेलं. बायको तर बातम्या लागल्या की आधी कोंबड्या शेजारी नेऊन लपवायची. रशियाची बातमी आली की हीच मंडळी नागपूरच्या एसटीत बसायची. तो कंडक्टर त्यांना तिकीट मागत नसे, कारण तोही जेवायला असायचा. काही वर्षांनी निरीक्षकसाहेब पुण्याला बदली मागून गेले.

युद्ध आणि शांतता यांवर कॉलेजात वाटेल तेवढं बोलावं. जामीन मात्र राहू नये.